साठीपुढच्या सदस्यांसाठी: ट्रेकआधी सॅकची तपासणी

मंडळी, पुढच्या शनिवारी निघणाऱ्या दोन मुक्कामांच्या जंगल ट्रेकला साठीपुढचे जे कोणी येणार आहेत, त्यांनी या रविवारी सकाळी ७ वाजता नेहमीच्या मैदानावर भरलेली सॅक घेऊन यावे. वजनकाटा असेल.

- पाणी-शिध्यासकट सॅक आपल्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आत हवी; म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ किलो. तंबू आणि स्टोव्ह दोघांत वाटून घ्या. ‘असू दे, लागेल’ म्हणून कोंबलेली वस्तू सहसा लागत नाही (मीही त्यातलाच).
- दोन काठ्या सक्तीच्या. उतारावर गुडघे दुवा देतील.
- वयाबरोबर तहान कमी जाणवते. पाणी घड्याळ बघून प्या.
- रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या पुरतील इतक्या सोबत ठेवा.

येणार का, ते शुक्रवारपर्यंत कळवा.