आई-बाबा, नेटचा दोनशेचा प्लॅन घेऊ नका. आधी राउटरचा लाल दिवा बघा

बंगळुरू, 15 जून 2025

ती. आई-बाबा,
सा. न.

कंपनीचा माणूस बाबांना फोनवर म्हणाला, "दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घ्या, नेट तुटायचं थांबेल." (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप.) त्याला हो म्हणू नका. वेग वाढवला म्हणून तुटणारी लाइन जुळत नाही. तुम्ही घेतलेले शंभर एमबीपीएससुद्धा तुम्हाला लागत नाहीत. टीव्हीवर एचडी मालिका चालू असेल तर 5 एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला 2 ते 3, बाबांच्या फोनवरच्या बातम्यांना त्याहून कमी. तिन्ही एका वेळी चालू असलं तरी बेरीज पंधराच्या आत राहते. म्हणजे दुरुस्ती हवी ती लाइनची, आणि प्लॅन खाली आणायचा आहे. क्रम मात्र हाच ठेवा. दोन्ही एकदम केलं तर पुढे नेट बंद पडल्यावर ते दुरुस्ती फसली म्हणून की प्लॅन बदलला म्हणून, हे कुणालाच सांगता येणार नाही.

बाबा, सात दिवस एक काम करा. नेट गेलं की राउटर बंद-चालू करण्याआधी त्याचे दिवे बघा आणि कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा: किती वाजता, कोणता दिवा, पाऊस होता का, बोअरची मोटर चालू होती का. आधी बंद-चालू केलं की पुरावा पुसला जातो, आणि लाइनमन येतो तेव्हा सगळं व्यवस्थित चालत असतं.

राउटरच्या डब्यावरचे दिवे असे वाचायचे. आपलं नेट फायबरचं आहे, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाने येतं. 'पॉन' (PON) नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असावा. 'एलओएस' (LOS) हा दिवा एरवी बंद असतो. तो लाल लुकलुकला तर खांबावरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही, आणि अशा वेळी घरातल्या वाय-फायशी खटपट करून काही होत नाही. 'पॉन' हिरवा आहे, 'एलओएस' बंद आहे आणि फक्त इंटरनेटचा दिवा गेला आहे, तर वायर ठीक, अडचण कंपनीच्या बाजूला किंवा खात्यात. दोन मिनिटं डबा बंद ठेवून चालू करा, तरी आला नाही तर थेट तक्रार. सगळे दिवे ठीक असून फक्त आतल्या खोलीत नेट रखडत असेल तर दोष वाय-फायचा. आणि सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील, तर डबा स्वतःच बंद पडतोय, म्हणजे अडॅप्टर बघायचा.

यातला अडॅप्टर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तीन-चार वर्षांनी तो थकतो. नुसता मोजला तर 12 व्होल्ट दाखवतो, पण डब्याने जोर घेतला की व्होल्टेज खाली येतं आणि डबा रीस्टार्ट होतो. बोअरची मोटर सुरू होताना नेट जात असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. नवा घेताना जुन्यावरचे आकडे वाचा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनची जाडी दुकानात डबा नेऊनच जुळवा. शिवाय डबा टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवलाय तो बाहेर काढा. तिथे तो तापतो, आणि तापल्यानेही रीस्टार्ट होतो.

लाल दिवा लागत असेल तर वायर बघायची. ती पिवळी किंवा पांढरी बारीक वायर म्हणजे आत केसाएवढी काच आहे. जिथे तिचा कोन होतो तिथून प्रकाश बाहेर निसटतो. आपल्याकडे तीन जागा तपासा: खिडकीची झडप जिथे तिच्यावर बंद होते ती फट, सोफ्याच्या पायामागचा भाग, आणि शोकेसच्या कडेला कुणीतरी घट्ट ठोकलेली क्लिप. जास्तीची वायर रबर लावून छोट्या पेंडीसारखी बांधू नका, ताटलीएवढा सैल वेढा ठेवा. डब्यात बसवलेली हिरवी पिन उपसू नका, पदराने किंवा रुमालाने पुसू नका. तिच्या टोकावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. आणि काढलेल्या पिनच्या टोकात डोळा लावून कधीही बघायचं नाही. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाइनमन आला की त्याला एकच गोष्ट विचारा: "पॉवर किती येतेय?" त्याच्याकडे छोटं मीटर असतं, त्यावर उणे आकडा येतो, एकक डीबीएम. उणे 15 ते उणे 24 मध्ये असेल तर छान. उणे 27 च्या आसपास असेल तर लाइन काठावर आहे, म्हणजे कोरड्या दिवसात चालेल आणि पावसात पडेल. तो आकडा त्याच्यासमोर लिहून घ्या. काठावरच्या लाइनचं कारण बहुतेक वेळा खांबावरच्या डबीत असतं: झाकण नीट बसलेलं नसतं, पाणी आत जातं, आणि सांधा घाईने चिमटीचा कनेक्टर लावून केलेला असतो. त्याला सांगा, चिमटी नको, स्प्लायसिंग करून द्या. मशीनने काच वितळवून केलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो. तो म्हणेल, मशीन आज नाही. मग मशीन आणायचा दिवस ठरवून घ्या, पण चिमटीवर काम मिटवू नका. काम झाल्यावर पुन्हा मीटर लावायला सांगा, आकडा दोन-तीनने तरी सुधारलेला, म्हणजे शून्याकडे सरकलेला, दिसला पाहिजे.

आता वाय-फाय. आई, तुझ्या खोलीत व्हिडिओ अडकतो त्याचं कारण बहुतेक तुझं लोखंडी कपाट आणि मधली जाड भिंत. राउटर हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीच्या मागे आहे, तिथून तुझ्या खोलीकडे निघालेली लहर आधी टीव्हीला, मग कपाटाला अडते. डबा हॉल आणि खोलीमधल्या दाराजवळ, साधारण पाच-सहा फूट उंचीवर लावून घ्या. लाइनमन येणारच आहे, त्याच वेळी हे काम सांगा. त्यासाठी लांब वायर लागली तर ती नवीन अखंड घालायला सांगा, मधे जोड नको.

राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या दोन लहरींची नावं वेगळी करून घ्या. 2.4 गिगाहर्ट्झचं नाव 'घर', 5 गिगाहर्ट्झचं 'घर-पाच'. 5 वेगवान पण भिंतीत दमतं, 2.4 हळू पण भिंत ओलांडतं. आईचा फोन 'घर'वर, हॉलमधला बाबांचा 'घर-पाच'वर. 2.4 ला चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी जिथे कमी तो घ्यायचा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवायची. रुंदी 40 केली तर कागदावर वेग वाढतो, पण शेजारच्या चार राउटरशी धडका होऊन प्रत्यक्षात घटतो. टीव्हीला मात्र वाय-फाय देऊच नका. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाका, म्हणजे घरातला सगळ्यात खादाड गिऱ्हाईक हवेतून उठेल.

एवढं करूनही तुझ्या खोलीत रेंज कमी राहिली तर प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणू नका. स्वस्तातला रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. माळ्यावर जुना राउटर आहे, तोच कामाला येईल. मुख्य डब्यापासून तुझ्या खोलीत ठेवलेल्या त्या राउटरपर्यंत 15 मीटर कॅट-6 (लॅनची) केबल लागेल. ती विजेच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका, वेगळी न्या. हे काम मी दिवाळीत येऊन करीन, पण शेजारच्या मुलाने आधी केलं तर त्याला ही चिठ्ठी दाखवा: जुना राउटर आधी एकट्याने लॅपटॉपला जोडायचा, त्याचा पत्ता 192.168.1.2 करायचा (मुख्य डब्याचा 192.168.1.1 आहे, तळाच्या लेबलवर बघून खात्री करा), डीएचसीपी (फोन-टीव्हीला नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्यासारखेच ठेवायचे, चॅनेल वेगळा ठेवायचा, आणि मग केबल दोन्हीकडे लॅनच्याच भोकात घालायची, वॅनच्या नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर दोन वेगवेगळे पत्ते वाटत बसतात आणि फोनवर 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं मधूनच येतं. तो दोष शोधायला फार वेळ जातो.

लाइट गेल्यावर नेट जातं, त्याला राउटरपुरता छोटा यूपीएस पुरतो. आपली फायबर लाइन कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत बिनविजेची आहे, मधल्या डब्यांना वीज लागत नाही, म्हणून गल्लीत अंधार असला तरी तुमचा डबा जिवंत ठेवला की नेट चालतं. घेताना 12 व्होल्टचाच घ्या आणि खोक्यावर 'एमएएच' न बघता 'वॅट-अवर' विचारा. आपला डबा साधारण 8 वॅट खातो, 30 वॅट-अवरचा यूपीएस त्याला तीन तास सहज ओढतो.

आता पैसे. तुमचा प्लॅन 999 चा आहे, पण 18 टक्के जीएसटी धरून बिल 1178.82 रुपये येतं. त्यातल्या ओटीटीपैकी (मालिका-सिनेमांची ॲप्स) तुम्ही एकही उघडलेलं नाही. 499 चा प्लॅन करसहित 588.82 पडतो. महिन्याला 590, वर्षाला 7,080 रुपये वाचतात. ग्राहक सेवेला फोन करण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहा: नवा प्लॅन कोणत्या बिलापासून लागू, राउटरचं भाडं वेगळं लागेल का, फोनची सोय त्यात आहे का, डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती उरतो. तिथला माणूस ओटीटीची लालूच दाखवेल, सूट देतो म्हणेल. "नको, 499 चाच करा आणि तक्रार क्रमांक द्या" एवढंच म्हणा.

मोबाइलचं गणित वेगळं आहे. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षात 12 नाही, 13 वेळा पैसे. दोघांचा 349 चा धरला तर वर्षाला 9,074 रुपये जातात, आणि दिवसभर तुम्ही घरच्या वाय-फायवर असता. ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) डिसेंबर 2024 मध्ये नियम केला की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅनही द्यायचे. जानेवारी 2025 मध्ये ते आले, वर्षभराचा साधारण साडेअठराशेपर्यंत. आई, तुझ्यासाठी हाच. बँकेचे ओटीपी येतील, कॉल होतील, व्हॉट्सअॅप घरात वाय-फायवर चालेल. कोल्हापूरला अंबाबाईला गेलीस की बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट लाव. बाबांनी मात्र डेटा सोडू नये, मंडईत यूपीआय अडेल. पण रोज 2 जीबीचा नको. 84 दिवसांना एकूण मोजका डेटा देणारे प्लॅन असतात, ते ॲपमधल्या यादीत खूप खाली असतात, खालपर्यंत जा.

घरात मोबाइलची रेंज एक कांडी असते, त्यावरच्या उपायाला पैसे लागत नाहीत. दोघांच्या फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. मग साधा कॉलही वाय-फायवरून जातो, वेगळे पैसे नाहीत, समोरच्याला काही करावं लागत नाही.

जुन्या लँडलाइनचा निर्णय तुमचा, मी जोर करणार नाही. नव्या फायबरच्या डब्यावर 'टेल' लिहिलेलं भोक रिकामंच आहे, आपला जुना फोन त्यात बसतो. अडचण नंबरची. लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. तो गेला की गेला. म्हणून बंद करण्याआधी बँक, गॅस आणि विमा यांच्याकडे तो नंबर कुठे नोंदवला आहे ते बघून बदलून घ्या. दुसरी गोष्ट, तांब्याच्या लाइनला केंद्रातूनच 48 व्होल्ट मिळतात, म्हणून लाइट गेली तरी तो फोन वाजतो. फायबरवरचा फोन यूपीएस संपला की बंद. यूपीएस बसून एक पावसाळा नीट गेल्याशिवाय लँडलाइन सोडू नका, असं माझं मत.

तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. तोंडी "बघतो" म्हणजे तक्रार नव्हे. काम न होताच तक्रार बंद केली तर कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं, तिथे हाच क्रमांक लागतो. आणि या दिवसांत "तुमचं सिम दोन तासांत बंद होईल" असा फोन आला, कुणी एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर न बोलता ठेवून द्या. चुकून काही झालंच तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं, ते एकदा बघूया, रविवारी कॉलवर.

त्या कॉलच्या आधी मला तीन फोटो पाठवा: डब्याचे दिवे, अडॅप्टरवरचं लेबल, आणि मागच्या महिन्याचं पूर्ण बिल, दोन्ही पानं.

तुमची,
मनू