जूनमध्ये तुम्हाला बोटीत बसवायचंय

ग्लासगो,
ऑगस्टअखेर

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आई, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची बेटं बघायला मोठी फेरीबोट असताना जुलैत मी होडी भाड्यानं का घेतली, असं तू परवा विचारलंस. फोनवर त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय. पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं इकडं याल, तेव्हा अशाच एका बोटीतून तुम्हाला न्यायचं माझ्या मनात आहे. त्यामुळं तुझ्या भीतीचं आधी बोलायला हवं.

ती कुठून आली ते मला ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली, चिखली-आंबेवाडीची माणसं होड्यांतून बाहेर काढत होते, आणि त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळची नाव उलटली. मावतील त्याहून जास्त माणसं चढली होती तिच्यात. त्यानंतर तू रंकाळ्याच्या होडीतसुद्धा बसली नाहीस. म्हणून इथं बोटवाल्याशी बोलताना भाड्याच्याही आधी मी विचारलं, माणसं किती घेणार? उत्तर साधं होतं. अशा छोट्या व्यावसायिक बोटीत इथल्या कायद्यानं १२ पेक्षा जास्त प्रवासी चढवता येत नाहीत. तेरावा माणूस घ्यायचा तर ती प्रवासी जहाजाच्या नियमांखाली जाते, आणि ते नियम फार कडक आहेत. धक्का सोडायच्या आधी आमच्या स्किपरनं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, माणसं मोजली, किती जण, कुठं, परत कधी, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगितलं, आणि प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला. पाण्यात पडलं की आपोआप फुगणारी जॅकेटं होती ती. वायरलेस सोळा नंबरच्या चॅनलवर सुरू होता, त्यावर किनारा रक्षक दलाचं कायम लक्ष असतं.

बोट भाड्यानं घ्यायची म्हणजे इथं वेगवेगळे प्रकार आहेत. आपली आपण चालवायची लहान मोटरबोट मिळते, पण ती शांत, बंदिस्त खाडीपुरती. शिडाची मोठी बोटही मिळते, तिला आधीचा अनुभव आणि सर्टिफिकेट दाखवावं लागतं. आणि तिसरं म्हणजे स्किपरसकट अख्खी बोट. आम्ही ती घेतली. ओळखीची दोन मराठी कुटुंबं बरोबर होती, भाडं वाटून घेतलं तर फार जड गेलं नाही. ज्याला त्या किनाऱ्याचे खडक पाठ नाहीत, त्यानं अटलांटिकच्या तोंडाशी सुकाणू हातात धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मल बेटाच्या नैऋत्य टोकाशी टॉरन नावाचे खडक विखुरलेत, त्यांतले कितीतरी भरतीत दिसतच नाहीत. त्यांच्याही पलीकडं भर समुद्रात स्केरीव्होरचा दीपस्तंभ आहे. जहाजं फुटून फुटून शेवटी १८४४ मध्ये तो उभा राहिला. त्याचा ग्रॅनाइट याच मल बेटावरून नेला होता.

आबा, वाटेचं तुम्हाला थोडक्यात सांगतो. ग्लासगोहून ओबान बंदर, तिथून फेरीनं पाऊण तासात मल बेट, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला फिनाफोर्ट नावाची इवलीशी वस्ती. हा बेटावरचा रस्ता बहुतेक एकेरी. समोरून गाडी आली की रुंद केलेल्या जागेत थांबायचं, हात वर करायचा आणि पुढं जायचं.

आमचा ठरलेला दिवस मात्र हुकला. सकाळी स्किपरचा फोन आला, आज नको. बाहेर लख्ख ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. पण लांब अटलांटिकमध्ये वादळ होऊन गेलं होतं. वादळानं उठवलेली लाट वारा पडला तरी थांबत नाही, शेकडो मैल चालून किनाऱ्याला येते. वरून पाणी गुळगुळीत दिसतं आणि खालून ते माणूसभर वर-खाली होत असतं. बेटाच्या पायरीवर उतरताना नेमका तिथंच पाय सापडतो. पैसे परत घ्या नाहीतर परवा या, म्हणाला. आई, हातचं भाडं सोडून नाही म्हणणारा माणूस बघितला आणि माझा सगळा घोर गेला. जूनमध्येही असं होऊ शकतं, म्हणून तुमच्यासाठी मी दोन-तीन दिवस मोकळे ठेवणार आहे. या किनाऱ्यावर एकच दिवस हातात घेऊन कुणी येऊ नये.

मग दोन दिवसांनी गेलो. भांगाची भरती होती, पाण्याला ओढ कमी. वारा एका दिशेनं आणि पाण्याची ओढ उलट दिशेनं असली की लाट ताठ उभी राहते, म्हणून निघायची वेळ त्यानं घड्याळाऐवजी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवली होती.

आणि आता फेरीबोट का नको त्याचं उत्तर. फेरीबोट एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्याला जाते, मधे वाकडी वाट करत नाही. आम्ही स्किपरला म्हटलं, मलच्या पश्चिमेचे कडे जवळून दाखवाल का? त्यानं बोट सरळ बर्गच्या टोकाकडं वळवली. आबा, तो डोंगर बघून मी उभाच राहिलो. पायऱ्या पायऱ्यांचा कातळ, एकावर एक थर, मधे गवताच्या पट्ट्या. पन्हाळ्याहून विशाळगडाकडं बघताना दिसतात तेच थर, पण त्यांच्या पायाशी समुद्र. आणि त्या कड्याच्या पोटात एक झाड आहे. लाव्हा वाहत आला तेव्हा ते उभं होतं, लाव्ह्यानं त्याला जागच्या जागी वेढून टाकलं. लाकूड गेलं, बुंध्याचा साचा कातळात राहिला, सुमारे १२ मीटर उंच. जॉन मॅक्कुलोक या भूशास्त्रज्ञानं १८१९ मध्ये ते जगापुढं आणलं, त्याच्याच नावानं ओळखतात. जमिनीवरून तिथं जायचं तर खडकाळ पायवाट तुडवून शेवटी शिडी उतरावी लागते. तुमच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. बोटीतून मात्र बसल्या जागी दिसतं. किनारा जमिनीवरून बघितला तर आपण कड्याच्या डोक्यावर उभे असतो आणि कडाच दिसत नाही. तो समुद्रातूनच बघायला पाहिजे.

तिथून स्टाफा नावाचं बेट. लांबून काळा ठिपका, जवळ गेलं की खांब. उसाच्या मोळ्या उभ्या रचाव्यात तसे शेकडो दगडी खांब, बहुतेक सहा कोनी, एकमेकांना चिकटून, पाण्यातून थेट वर आलेले. खाली राखेचा थर, मधे हे खांब, वर वेडावाकडा कातळ, अशी तीन मजल्यांची रचना आहे. जाड लाव्हा सावकाश थंड होतो, थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे वरच्या नि खालच्या पृष्ठभागाकडून आत आत चालत जातात. ओढ सगळीकडून सारखी असली की तडे १२० अंशांच्या कोनात मिळतात, त्यातून षटकोन तयार होतो. तुम्ही आम्हाला पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याला नेऊन दाखवलेले खांब याच रीतीनं झालेले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही तशीच. आपल्या दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इकडचा त्यानंतरचा, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून फाटत होते, त्या फटीतून हा वर आला. समोरच्या आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरही असेच खांब आहेत. फिन नावाच्या राक्षसानं समुद्रावरून वाट बांधली, तिची ही दोन टोकं, अशी लोककथा दोन्हीकडं सांगतात.

बेटाच्या पोटात फिंगलची गुहा आहे. सुमारे ७० मीटर खोल, दोन्ही भिंती खांबांच्याच. स्किपरनं इंजिन मंद केलं आणि नाक गुहेच्या तोंडाशी नेऊन धरलं. आत लाट शिरते, टोकाला आपटते, आणि तो आवाज बाहेर यायला अंमळ वेळ लागतो. छातीत जाणवतो तो. १७७२ मध्ये जोसेफ बँक्स हा निसर्गशास्त्रज्ञ आइसलंडला जाता जाता इथं उतरला, त्याच्या वर्णनानंतर लोकांची रीघ लागली. १८४७ मध्ये राणी व्हिक्टोरिया येऊन गेली. आम्ही पायरीवर उतरलो, कठडा धरून खांबांच्या डोक्यांवरून चालत गुहेपर्यंत गेलो. आबा, तुम्हाला उतरायचं नसेल तर बोटीत बसूनही गुहा पुरती दिसते. पण मला वाटतं तुम्ही उतराल. त्या दगडावर तुम्ही हात ठेवलेला मला बघायचाय.

आई, तुझ्यासाठीचं बेट पुढं आहे. लुंगा. उतरायला गोल धोंड्यांचा किनारा आहे, तिथं तुझा हात मी धरणार. वर चढलं की गवताळ सपाटी, आणि त्या गवतात बिळं. बिळांतून पफिन बाहेर येतात. पांढरं पोट, काळी पाठ, केशरी पाय, आणि चोच लाल-केशरी-निळसर पट्ट्यांची. वर्षातला बराच काळ हा पक्षी भर समुद्रातच असतो. एप्रिलमध्ये जमिनीवर येतो, जोडी मिळून एकच अंडं घालते, दोघं मिळून पिल्लाला मासे भरवतात, आणि ऑगस्ट लागला की सगळे परत समुद्रावर. चोचीचा रंगही विणीपुरताच, हिवाळ्यात तो निघून जातो. माणसं जवळ बसली की मोठे कुरव पक्षी लांब राहतात, म्हणून पफिन मुद्दाम आपल्या जवळ उतरतात असं इथले लोक सांगतात. माझ्यापासून दोन हातांवर एक बसला होता, चोचीत चांदीसारखे बारीक मासे आडवे धरून. तू अंगणातल्या बुलबुलांसाठी पाण्याचं भांडं भरतेस ना, तुला तिथून उठवणं अवघड जाईल. इथं पूर्वी वस्ती होती, माणसं एकोणिसाव्या शतकात निघून गेली, घरांच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्यात.

परतताना आयोना बेटावर थांबलो. इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबानं तिथं मठ वसवला, तिथून इकडं ख्रिस्ती धर्म पसरला. आज दिसतो तो मठ नंतरचा. पांढरी वाळू आणि हिरवट पाणी बघून आमच्यातली मुलं तारकर्ली तारकर्ली करत धावली. पाणी मात्र भर उन्हाळ्यातही जेमतेम १३-१४ अंश असतं, घोट्यापर्यंत बुडालं की बास.

आता एक काम दादाला सांगा. दिवाळीनंतर तो तुम्हाला मालवणला नेणार आहे. सिंधुदुर्ग तुम्ही बघितलाय. या वेळी निवतीला जा आणि तिथल्या एखाद्या मच्छीमाराची अख्खी बोट ठरवा. समुद्रात वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडकांची बेटं आहेत, त्यावर दीपस्तंभ आहे, आणि तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. उतरू नका, त्या पाखरांना त्रास होतो, लांबून फेरी मारून या. सकाळी लवकर निघा, दुपारी खारा वारा उठला की पाणी खवळतं. लाइफ जॅकेट मांडीवर ठेवायचं नाही, घालायचं. माणसं मोजून घ्यायची. आणि बोटवाला आज नको म्हणाला तर त्याच्याशी वाद न घालता मासे खाऊन परत यायचं. आई, या फेरीत तुला स्वतःलाच कळेल की समुद्रातली बोट तुला सोसते का. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणा, ती निघायच्या आधी घ्यावी लागते. आणि खाली मान घालून बसू नकोस, नजर लांब क्षितिजावर ठेव.

व्हिसासाठी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतील, तारीख मी इथून काढतो. आबांचा पासपोर्ट कधी संपतो ते बघून कळवा. जूनमध्येही बोटीत गार वारा लागतो, पण स्वेटर तिकडून आणू नका, वारा अडवणारी जाकिटं मी इथंच घेतो. बूट मात्र पकड असलेले हवेत, ओल्या कातळावर चप्पल चालत नाही. दोघांच्या बुटांची मापं येत्या रविवारी फोनवर सांगा, आणि बोटवाल्याला जूनची कोणती तारीख कळवू तेही.

तुमचा,
धाकटा