नळी बदलल्याचं बिल लावलंत, आत नळी जुनीच आहे

नमस्कार,

माझी १९६७ची फोक्सवॅगन बीटल तुमच्या वर्कशॉपमध्ये अकरा दिवस होती. जॉबकार्डवर तुमच्याच माणसाच्या अक्षरात लिहिलंय, टनेलमधल्या क्लच आणि ॲक्सिलरेटर केबलच्या नळ्या बदलणे, गंज काढणे, आतून वॅक्स मारणे. बिलातही तेच. टनेल म्हणजे गाडीच्या तळाला मधोमध पुढून मागे जाणारा तो पत्र्याचा पोकळ कणा. पैसे मी त्याच दिवशी पूर्ण दिले. आज पाच आठवडे झाले आणि गाडी परत स्टँडवर चढलीये, गिअरचा दांडा काढून बाजूला ठेवलाय, आणि त्या भोकातून आत जे दिसतंय ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहितेय.

सुरुवात क्लचपासून झाली. पहिले दोन आठवडे बरे गेले, मग रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज. मी मागे जाऊन केबलचा विंगनट फिरवला, पेडलला १० ते २० मिमी मोकळी चाल लागते तेवढी ठेवली, चार दिवसांनी परत तेच. तुम्हाला फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई नवीन केबल आहे, थोडी ताणते, ॲडजस्ट करत राहा." नवीन केबल ताणते हे मलाही माहितीये, पण दर चार दिवसांनी नट तीन तीन फेरे आवळावा लागतोय म्हणजे तुम्ही केबल घातलीये का इलॅस्टिक?

शेवटी मुलाला गाडीत बसवलं आणि मी टॉर्च घेऊन खाली शिरले, म्हटलं क्लच दाब. टनेलच्या मागच्या तोंडातून गिअरबॉक्सकडे जाणारी ती बोडन ट्यूब, म्हणजे क्लच केबलचं लवचिक आवरण, तिचं टनेलकडचं टोक एका जागी घट्ट राहायला पाहिजे ना, ते दर दाबाला पेरभर पुढे सरकायचं आणि पेडल सोडलं की परत मागे. म्हणजे आतली नळी वेल्डिंगच्या टाक्यातून सुटलीये, पायाचा अर्धा जोर नळी ढकलण्यातच जातोय, क्लच कशाला सुटेल. हे बघायला मला दोन मिनिटं लागली. तुम्ही गाडी देताना एकदा तरी बघितलं होतं का?

मग गिअरच्या दांड्याचे दोन बोल्ट काढले आणि वायरवाला छोटा कॅमेरा आत सोडला. पुढून साधारण वीतभर नळी नवी आहे, छान चकचकीत. तिच्यामागे जुनीच! खालच्या अंगाने पार चाळण झालेली, गंजाचे पापुद्रे सुटून टनेलच्या तळाशी पडलेत. नवा तुकडा जुन्या नळीवर नुसता चढवून चार टाके मारलेत आणि त्यातले दोन तुटलेत, तुटलेल्या जागी धातू अजून चमकतोय म्हणजे ताजं आहे. गंजलेल्या पत्र्यावर टाका धरत नाही हे मी सांगायचं का तुम्हाला? वॅक्सचा तर थेंबही नाही आत. टनेलला जी खिडकी कापलीत तिथे बाहेरून चुंबक लावून बघितला, अर्ध्या भागावर चिकटतच नाही. टिचकी मारली की ठक्क. पुटी भरून वर काळा अंडरकोट फासलाय, म्हणजे वरून सगळं कसं कंपनीतून आल्यासारखं.

हे एक वेळ पैशाचं नुकसान म्हणून सोडलं असतं. ॲक्सिलरेटरचं मात्र सोडणार नाही. गेल्या रविवारी चढावर पाय काढला तरी गाडी पळतच राहिली, क्लच दाबला तर तो धड सुटेना, शेवटी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि कशीबशी कडेला घेतली. मुलगा शेजारी बसला होता. केबल बाहेर ओढली तर एका जागी तिच्या तारा विस्कटून केसांसारख्या उभ्या राहिल्यात, आणि मोजून बघितलं तर ती जागा बरोबर तुमच्या टाक्याखाली येते. वेल्डिंग करताना नळीला भोक पडलं, वितळलेला मणी आत उतरला आणि करवतीसारखा केबल कापत बसला. बंद करायच्या आधी नळीतून नुसती एक तार फिरवली असती तरी हाताला लागलं असतं.

अजून एक प्रश्न आहे, त्याचं लेखी उत्तर पाहिजे. पेट्रोलची पाइप त्याच टनेलमधून जाते. वेल्डिंगच्या आधी टाकी रिकामी करून पाइप काढली होती का? विचारतेय कारण पुढच्या टोकाचा रबर होज जुनाच आहे आणि एका बाजूने करपलाय.

तुम्ही स्वतःला जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट म्हणवता. इंजिन मागे आणि पेडलं पुढे, म्हणून क्लच, ॲक्सिलरेटर, हँडब्रेक, हीटर सगळ्यांच्या केबली त्या एका कण्यातून जातात, आणि पाणी शिरलं की त्याच नळ्या सडतात. २००३ पर्यंत ही गाडी बनत होती, दोन कोटींच्या वर निघाल्यात, त्यामुळे हे दुखणं काही माझ्या एकटीच्या गाडीला झालेलं नाही आणि त्याचा इलाजही नवा नाही.

मला पाहिजे ते असं. दोन्ही नळ्या टोकापासून टोकापर्यंत नव्या, बिनजोड पाइपच्या. आत जिथे जिथे नळीला आधाराची पट्टी आहे तिथे खिडकी कापून, पट्टी स्वच्छ करून पक्कं जोडकाम, आणि खिडकी पत्र्यानेच बंद, पुटीने नाही. बंद करायच्या आधी मला बोलवायचं, मी स्वतः आत केबल फिरवून बघणार. दोन्ही केबली आणि तो होज तुमच्या खर्चाने. जुन्या नळ्या मला परत पाहिजेत, मागच्या वेळी मागितल्या तेव्हा "भंगारात गेल्या" म्हणालात, आता कळलं त्या कुठे होत्या ते. हे जमणार नसेल तर या कामाचे पूर्ण पैसे परत द्या, मी दुसरीकडून करून घेते.

पंधरा दिवस थांबते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण फोटो, व्हिडिओ, जॉबकार्ड, बिल आणि ती कुरतडलेली केबल सगळं एका पिशवीत घालून ठेवलंय. गाडी हलवण्याच्या अवस्थेत नाही, त्यामुळे बघायला तुम्हालाच यावं लागेल. येताना ज्याने हे काम केलं त्यालाच पाठवा, आणि त्याच्याकडे टॉर्च असू दे.

बीटलची मालकीण
(जॉबकार्ड आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे)