टाकी मोठी करण्याआधी पाणी, वीज आणि स्लॅब पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुढीपाडवा उलटला की जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या, घरी समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांबद्दल तेच ते प्रश्न सुरू होतात. झोआ हे छोटे मऊ कोरल मिटून बसलेत, लेदर कोरल आठ दिवस झाले तरी फुलत नाही, काचेवर तपकिरी थर धरतोय. तर लाइट बदलावा का, स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) मोठा घ्यावा का, की सरळ चार फुटी टाकीच करावी? समुद्री टाकी पाळणाऱ्याला ही ओढ कधी सोडत नाही. दोन फुटी जमली की तीन फुटी हवी, तीन फुटी जमली की सम्प (खालची जोडटाकी) हवा. पण खान्देशात टाकी बिघडते ती बहुतेक वेळा उन्हाळा, पाणी आणि वीज यांमुळे. म्हणून खिशातला पैसा आधी तिकडे वळावा, यासाठी हे पत्र.

काहीही विकत घेण्याआधी सात दिवस वहीत नोंद ठेवा. सकाळी सहाला आणि दुपारी चारला तापमान, रोज एकदा क्षारता (मिठाचे प्रमाण), एक दिवसाआड केएच (कार्बोनेटचे प्रमाण), आठवड्यातून एकदा नायट्रेट, फॉस्फेट आणि कॅल्शियम. तापमान २५ ते २७ अंश, क्षारता ३५ म्हणजे घनता सुमारे १.०२६, केएच ८ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढ्यात असावे. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबरच असेल असे धरू नका; ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) तयार द्रावणाचा थेंब टाकून स्क्रू जुळवा. सकाळ-दुपारच्या तापमानात दीड अंशाहून जास्त फरक पडत असेल, किंवा आठवड्यात केएच एक-दीडने हलत असेल, तर कोरल मिटण्याचे कारण सापडले. नव्या लाइटने ते जाणार नाही.

लाइटची हौस तर सर्वांत आधी आवरावी. महागडे एलईडी मुख्यतः हार्ड कोरल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. आपल्याकडे रीफ बांधणारे सगळे हार्ड कोरल, समुद्रपंखे, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही तिथेच. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. घरच्या टाकीत ठेवायचे ते झोआ, मशरूम, लेदर यांसारखे सॉफ्ट कोरल. मशरूमला ५० ते ८० पार (कोरलला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) पुरतो, झोआ आणि लेदरला ७५ ते १५०. दोन फुटी टाकीला हा प्रकाश साधा ५०-६० वॅटचा चांगला एलईडी पाण्यापासून २०-२५ सेंटिमीटर उंचीवरून देतो. दुप्पट ताकदीचा लाइट एकदम लावला, तर कोरलच्या पेशीत राहणारे शैवाल गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन बनवते, तो पेशीला जाळतो, आणि कोरल ते शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. पाणी आधीच २९-३० अंशांवर असेल तर हे चार-पाच दिवसांतही घडते. लाइट खरोखर मेला असेल तर जरूर बदला. पण नवा ३० टक्क्यांवर सुरू करा आणि दर चार दिवसांनी ५ टक्के वाढवत महिनाभराने हव्या त्या ताकदीला आणा.

मोठ्या स्किमरची गोष्ट थोडी वेगळी आहे. दोन मासे आणि चार फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) असलेल्या टाकीवर ५०० लिटरच्या टाकीसाठीचा स्किमर आणि जोडीला फॉस्फेट रिमूव्हर लावला की नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात. टेस्ट किटचा पांढरा रंग पाहून बरे वाटते, आणि दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारख्या, बुडबुडे धरलेल्या तारा दिसू लागतात. हे डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्मजीव. अन्न संपल्यावर नेहमीचे शैवाल आणि जिवाणू मागे हटतात आणि मोकळी जागा हे पकडतात. पाणी बदलून ते जात नाहीत, उलट फोफावतात. रिमूव्हर काढा, स्किमर रोज सहा-आठ तासच चालवा, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पर्यंत वर येऊ द्या, तारा रोज संध्याकाळी बारीक नळीने ओढून सॉकमधून (कापडी गाळणीतून) गाळा. महिना-दीड महिना जातो.

आता मोठ्या टाकीकडे येऊ, कारण खरी ओढ तीच. तिच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. साठ लिटरच्या टाकीतून एप्रिलमध्ये दिवसाला तीन लिटर पाणी उडते. वर गोडे पाणी टाकायचे राहिले तर ३५ ची क्षारता एका दिवसात ३७ च्या घरात जाते. तेवढीच चूक ४५० लिटरला फारशी जाणवत नाही. पण चार बाय दोन बाय दोन फुटी टाकी म्हणजे नेमके काय, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. सम्प धरून पाणी सुमारे ४५० लिटर, त्याचे वजन ४६० किलो. १२ मिलिमीटर काच टाकीची आणि सम्पची मिळून शंभरावर. दगड ४०, वाळू ३५, स्टँड ६०-७०. एकूण सातशे किलोच्या आसपास, आणि तेही फक्त आठ चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकांत धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला वीसच्या आत-बाहेर. इथे तो ८५-९० होतो. टाकी बीमवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीला लागून, बीमला आडवी बसवली आणि इंजिनिअरने जागा पाहिली, तर निभते. जुन्या गावातल्या धाब्याच्या घरात, लाकडी सऱ्यांच्या माडीवर ती ठेवूच नये. तिथे तळमजला हीच जागा.

मग पाणी. ४५० लिटरला ताशी दहा लिटर देणारा घरगुती आरओ ४५ तास चालवावा लागतो आणि हजारभर लिटर पाणी नळीवाटे बाहेर जाते. ज्या गल्लीत उन्हाळ्यात नळ तीन-चार दिवसांआड येतो, तिथे हे पाणी पिंपात धरून लादी पुसायला आणि संडासाला वापरले पाहिजे. मीठ लिटरला ३७ ग्रॅम धरले तरी सोळा-सतरा किलो, आणि पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर महिन्याला सात किलो.

आरओबद्दल इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो. तो कच्चे पाणी थोडे परत मिसळतो. मिनरल काडतूसही असते, आणि हल्ली तांब्याचे काडतूस घातलेले आरओ सर्रास मिळतात. तांबे माणसाला चालते, पण कोळंबी, गोगलगाई आणि कोरल यांना अगदी थोडेसेही मारक असते. टाकीसाठी पाणी मेम्ब्रेनच्या (आरओमधल्या गाळणाऱ्या पडद्याच्या) लगेच पुढून टी-जोड लावून काढा, त्याला उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे काडतूस लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय वापरू नका. बोअरचा टीडीएस हजार असेल तर मेम्ब्रेन ५० ते ८० सोडते. ते रेझिनला खावे लागते, म्हणून बोअरच्या पाण्यावर रेझिन फार लवकर संपते. शेताजवळच्या बोअरमध्ये खतांतून आलेले नायट्रेट असू शकते आणि मेम्ब्रेन ते इतर क्षारांइतके चांगले अडवत नाही. शक्य असेल तिथे नळाचे पाणी घ्या. त्यातल्या क्लोरीनसाठी कार्बन फिल्टर वेळेवर बदला, नाहीतर मेम्ब्रेन खराब होते.

टाकी बदलायचीच ठरली तर घाई करू नका. रिकामी टाकी स्टँडवर ठेवून पाणसळ लावा, खाली १२ मिलिमीटर थर्माकोल घाला, साधे पाणी भरून ४८ तास सांधे बघा. सांधा दुरुस्त करायचा तर बाथरूमचे बुरशीरोधक सिलिकॉन नको. त्यातले बुरशीनाशक पाण्यात उतरते. साधे, अॅक्वेरियमला चालणारे सिलिकॉन भरून सात दिवस सुकू द्या. मीठ आदल्या दिवशी मिसळून पंप लावून ठेवा. हलवण्याच्या दिवशी वाळू ढवळण्याआधी जुन्या टाकीतले वरचे स्वच्छ पाणी काढून घ्या. त्यात जिवाणू फारसे नसतात, पण क्षारता आणि केएच जुळतात, मिठाची बचत होते. जिवाणू राहतात ते दगडांत, म्हणून दगड पाण्यात बुडालेलेच बादलीत न्यावेत. जुनी वाळू मात्र नेऊ नका. तळाच्या काळ्या थरात हायड्रोजन सल्फाइड आणि कुजलेला कचरा असतो. तो ढवळून नव्या टाकीत आला की एका रात्रीत मासे जातात. नवी वाळू धुऊन घाला आणि जुनीतली वरची दोन वाट्या स्वच्छ वाळू त्यावर पसरा. पुढचे सात दिवस रोज अमोनिया तपासा, खाद्य निम्मे द्या, लाइट कमी ठेवा. अमोनिया ०.२५ पीपीएमच्या वर गेला तर २५ टक्के पाणी बदला. कोरडे दगड वाढवायचे असतील तर ते आधी तीन-चार आठवडे आरओच्या पाण्यात भिजवा, कारण त्यांतून फॉस्फेट सुटते.

उन्हाळ्याचा उपाय इथे वाटतो त्यापेक्षा स्वस्त आहे, आणि हे आम्हांला मनापासून सांगावेसे वाटते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीही गार होते. एक लिटर पाणी उडाले की सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. चार फुटी टाकीतून आठ लिटर उडाले तर दिवसाला पाच युनिटांवर उष्णता गेली, आणि त्यासाठी १५ वॅटचे दोन पंखे पुरतात. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचे तापमान २२-२३ पर्यंत उतरते, म्हणून मुंबईत कमी पडणारा पंखा भुसावळला काम देतो. त्यासाठी काचेचे झाकण काढून जाळी बसवा, पंखा पाण्यावर तिरका ठेवा आणि उडालेले पाणी भरणारा ऑटो टॉप-अप लावा. त्याचा डबा मोठा नको: फ्लोट अडकून पंचवीस लिटर गोडे पाणी ४५० लिटरमध्ये गेले तरी क्षारता ३३ च्या खाली जात नाही, शंभर लिटरचा डबा मात्र टाकी संपवतो. खोलीत कूलर चालत असेल तर आर्द्रता वाढून पंख्याचा जोर कमी होतो, पण खोलीच गार होत असल्याने एकूण फायदाच राहतो. चिलर घेतलाच तर स्टँडच्या बंद कपाटात बसवू नका. स्वतःचीच गरम हवा ओढून तो तासन्‌तास चालत राहतो. ३०० वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ९० युनिटे, आणि महावितरणच्या बिलात त्याने पुढचा टप्पा लागू शकतो.

वीज गेल्यावर पहिली टंचाई ऑक्सिजनची. खारे पाणी २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, ३० ला सव्वासहा, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर दोन पॉवरहेड (टाकीतले पाणी फिरवणारे पंप) आणि एक हवेचा पंप, मिळून २५ वॅट, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही जवळजवळ दिवसभर चालतात. त्याच बॅटरीवर चिलर जोडला तर तीन तासही निघत नाहीत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर पंप घुमतात आणि तापतात. रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा) बंद केल्यावर वरचे किती पाणी सम्पमध्ये उतरते ते एकदा स्वतः बघा, चालू पातळीची मार्करने खूण करा आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली तीन मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे पंप थांबल्यावर त्यातून हवा शिरून पाणी उलटे ओढले जाणे थांबते. ते भोक शेवाळाने बुजते; दर पंधरा दिवसांनी काडी घालायला विसरू नका.

माशांच्या बाबतीतही हीच घाई दिसते. दोन इंची निळा टँग मासा पुढे तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो; त्याला सहा फुटी टाकी लागते, आणि तो आणला की मोठी टाकी ओघाने आलीच. क्लाउनफिशची जोडी शंभर लिटरमध्ये सुखाने राहते. त्यांच्या प्रजननाचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा असे टाकीत वाढलेले मासे मागा.

खान्देशातल्या दुकानदारांना एक विनंती आहे. पिशवीवर दुकानातल्या टाकीची क्षारता, तापमान आणि माल आल्याची तारीख लिहून द्यावी. मीठ वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला काही टाक्या १.०१८ ते १.०२० घनतेवर ठेवल्या जातात. तिथली गोगलगाय किंवा कोळंबी तासाभरात १.०२६ मध्ये सोडली की मरते आणि गिऱ्हाईक समजतो टाकीच लहान पडली. आकडा कळला तर तो अर्ध्या तासाला एक कप या हिशेबाने तीन-चार तासांत पाणी जुळवू शकतो. मुंबईहून रेल्वेने येणारा माल एप्रिल-मेमध्ये मागवू नये. टाकी हलवायची असो वा नवे कोरल आणायचे असोत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत.

आपले,
सागरी टाक्या सांभाळणारे काही वाचक, जळगाव-भुसावळ