कानाच्या तपासणीचा कागद आमच्यापर्यंत येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात पंधरा वर्षांपासून आशा म्हणून काम करते. बाळ दवाखान्यातून घरी आलं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्याच्या घरी जायचं, वजन घ्यायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, आई नीट पाजते की नाही ते बघायचं, हे आमचं ठरलेलं काम. अशा सहाही भेटी मी एका घरी दिल्या आणि त्या लेकराला ऐकू येत नाही हे मला कळलं नाही. तपासणी तर दुसऱ्याच दिवशी झाली होती. कागदही त्याच घरात होता.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्या गावी आली होती. शहरातल्या एका रुग्णालयात बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी एका मॅडमनी बाळाच्या कानात मऊ रबराचं बोंडूक घालून मिनिटभर यंत्र लावलं आणि कागदावर दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ लिहून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आणा, असं तोंडी सांगितलं म्हणे. टाके दुखत होते, सुट्टीची घाई होती. मुलीच्या आईनं तो कागद जन्माच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत ठेवली.

आमच्याकडे ‘रेफर’ म्हणजे पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव असतं, पुष्कळदा गाडीही मिळते. कानाच्या तपासणीत ‘रेफर’ म्हणजे पास झालं नाही, पुन्हा तपासा. पण या कागदावर ना ठिकाण होतं ना तारीख. गंभीर असतं तर तिथूनच पाठवलं असतं, असं घरच्यांना वाटलं. त्यात सव्वा महिना बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही, त्यामुळे ‘पंधरा दिवसांनी या’ हे न सांगितल्यासारखंच झालं.

42 व्या दिवसाच्या भेटीला मी पाळण्याजवळ टाळी वाजवली होती. बाळानं डोळे मिचकावले आणि मी समाधानानं निघाले. टाळीची हवा तोंडावर आली तरी बाळ डोळे मिचकावतं, हे मला फार नंतर श्रवणतज्ज्ञ मॅडमकडून कळलं. बहिरं बाळही सुरुवातीचे काही महिने इतरांसारखेच हुंकार देतं, हेही त्यांनीच सांगितलं. हे मला आधी माहीत असतं तर मी पिशवी उघडायला लावली असती.

अडीच महिन्यांचा डोस झाल्यावर मुलगी सासरी गेली, अहिल्यानगर जिल्ह्यात. दिवाळीनंतर सासरची माणसं कोयता घेऊन कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेली. पुढच्या हंगामात तीही लेकराला घेऊन गेली. लेकरू बोलत नाही म्हटलं की आजी म्हणायची, त्याचा बापही उशिराच बोलला. शेवटी अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. लेकरू तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांचं होतं.

मग जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे लहान मुलांमधले असे दोष तपासून उपचार करणारं केंद्र, आणि तिथं बेरा तपासणी. यात डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. ते एसटीत झोपायचं आणि स्टँड आलं की जागं व्हायचं. पहिल्या दिवशी तसंच परत यावं लागलं. दुसऱ्या खेपेला औषध देऊनही झोपलं नाही. तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. तीन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. दोन-तीन महिन्यांचं बाळ आईनं पाजलं की मांडीवरच झोपतं, तेव्हा ही तपासणी सहज होऊन जाते.

श्रवणतज्ज्ञ मॅडमनी सांगितलेला नियम सोपा आहे. पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र आणि बोलण्याच्या प्रशिक्षणाला सुरुवात. या लेकराची चाचणी वेळेत झाली आणि बाकीचं दोन वर्षं मागं राहिलं. आता ते तीन वर्षांचं आहे, दोन्ही कानांना यंत्रं आहेत, कुकरच्या शिट्टीला मान वळवतं. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून कानात आत बसवायच्या यंत्राची, कागदपत्रं चालू आहेत. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या योजनेत पाच वर्षांची अट आहे, म्हणून घरचे दिवस मोजत आहेत.

चाचणी करणाऱ्या मॅडमनी आपलं काम केलं. केंद्रातली माणसं लेकरू दारात आल्यापासून मनापासून शिकवत आहेत. पण चाचणीच्या खोलीपासून त्या केंद्राच्या दारापर्यंत बाळाला कुणी न्यायचं, हे कुणाकडेच नव्हतं. बाळ काचेच्या पेटीतून घरी येतं तेव्हा मला फोन येतो, नाव-पत्ता येतो, मी जाऊन वजन करते. तसा कानाचा फोन मला पंधरा वर्षांत एकदाही आलेला नाही.

म्हणून माझं आरोग्य खात्याला कळकळीचं सांगणं आहे की ‘रेफर’चा वेगळा कागद देऊन थांबू नका. माता-बाल संरक्षण कार्डावरच मराठीत लिहा: ऐकण्याची तपासणी पुन्हा करायची आहे, अमुक ठिकाणी, अमुक तारखेला. ते कार्ड हरवत नाही. डोस त्यावर असतात म्हणून माहेरहून सासरी आणि सासरहून कारखान्यावरही ते बरोबर जातं. तारीख दीड महिन्याच्या डोसाची धरा. सव्वा महिना संपलेला असतो, आई बाळाला घेऊन बाहेर पडणारच असते आणि माझी 42 व्या दिवसाची भेटही त्याच सुमारास असते. पहिल्या दोन दिवसांत कानात ओलावा असल्यानंही पुष्कळ बाळं रेफर येतात, ती तेव्हा पास होतील आणि त्या आयांचा घोर जाईल. जी पुन्हा अडकतील त्यांची नावं, माहेरचा आणि सासरचा असे दोन्ही मोबाईल नंबर घेऊन, त्याच आठवड्यात केंद्राकडे आणि आमच्याकडे येऊ द्या. बाळ जिल्हा सोडून गेलं तर इथल्या केंद्रानं तिथल्या केंद्राला फोन करावा. काचेच्या पेटीत राहिलेल्या आणि जास्त कावीळ झालेल्या बाळांची तर पहिली चाचणी पास आली तरी बेरा व्हायला हवी, असं मॅडम सांगतात. हेही कार्डावर यावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरहून देशभर सुरू झाला. केंद्रं आहेत, पथकं आहेत, घरोघर जाणाऱ्या आम्ही आहोत.

गेल्या महिन्यात गावात आणखी एक मुलगी बाळंतपणाला आली. तिसऱ्या दिवसाच्या भेटीलाच मी पिशवीतले सगळे कागद बाजेवर मांडायला लावले. डाव्या कानापुढे ‘रेफर’ होतं. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात मी लाल पेननं डोसाची तारीख घालून पुढे ‘कान’ लिहिलं आणि तिच्या सासरच्या गावातल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेवला. येत्या गुरुवारी डोस आहे. डोस झाला की दहाच्या एसटीनं बाळाला तालुक्याला तपासणीला न्यायचं आहे. मी सोबत जाणार आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, बीड जिल्हा

(लेकराची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं आणि गावाचं नाव छापू नये, ही विनंती.)