शिआनहून, रात्री

चि. सोनू,

इथल्या हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत नाही आणि बाबांचं रोमिंग दुपारपासून गंडलंय, म्हणून नोट्समध्ये टाईप करून ठेवतेय, रेंज आली की पाठवीन. इथे बारा वाजलेत, तुझ्याकडे साडेनऊ. जेवलास का? रिपोर्टचं मी विचारणार नाहीये.

बीजिंगच्या स्टेशनवर ताईच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं, गळ्याला गाठ आहे, सुईने तपासायला दिलंय, आणि तू तिला बजावलंस की ट्रिप होईपर्यंत आईला काही बोलू नको. मग फोनवर मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. नंतर ट्रेनमध्ये पाच तास बाबा खिडकीबाहेर बघत बसले, शेंगाचटणी-भाकरी काढली तर तीही नको म्हणाले.

आज ते मातीचे सैनिक बघितले. 1974 साली शेतकरी विहीर खणत होते तेव्हा सापडले, बावीसशे वर्षं जमिनीत होते, सगळे मिळून अंदाजे 8000. गाईड मुलगी भगवा झेंडा घेऊन पुढे, आम्ही अठ्ठावीस जण कानात ते यंत्र लावून मागे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा रे, कुणाची मिशी वर वळलेली, कुणाचा बुचडा एका बाजूला. ती सांगत होती की मुंडकी वेगळी घडवायची आणि नंतर धडात बसवायची, म्हणून काही जण अजून नुसतेच धडाचे उभे आहेत, मानेच्या जागी गोल भोक. मी तिथेच थांबले, त्या गळ्यांवरून नजर हटेना, ग्रुप कधी पुढे गेला कळलं नाही, कानातला आवाज खरखर करून बंद पडला तेव्हा भानावर आले. बाबा परत आले आणि माझं कोपर धरून घेऊन गेले. मागच्या बाजूला प्लास्टिक गुंडाळलेले सैनिक होते, ते तुकडे जोडून दुरुस्त करतायत. बहुतेक सगळे असे फुटलेलेच निघाले होते म्हणे.

महिनाभर अंगावर काढलंस ना ती गाठ? शर्टाचं बटण लागत नव्हतं म्हणे, तरी कॉलर उघडी टाकून ऑफिसला जात राहिलास. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप, जेवण पार्सलचं, पाणी प्यायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला. चौथीत होम मैदानावर पायात खिळा गेला होता तेव्हाही हेच केलंस, दोन दिवस मोजा घालून फिरलास, शाळेत कबड्डी पण खेळलास, आणि मी मोजा ओढला तर चिकटलेला. तुझ्या डोळ्यात पाणी नव्हतं, मीच रडले होते. तू म्हणालास, तुझी परीक्षेच्या पेपरांची गडबड होती ना. नऊ वर्षांचं पोर.

जाऊ दे, परत लेक्चर सुरू झालं माझं, सॉरी. या ट्रिपचे पैसे तू भरलेस, ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून झालंय माझं.

दुपारी तो पॅगोडा बघितला, ह्युएन त्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला 652 साली बांधलेला. समोर त्याचा पुतळा आहे. इतकी वर्षं वर्गात त्याचं नाव फळ्यावर लिहिलं, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला, तिथली माणसं उपकार विसरत नाहीत असं लिहून ठेवलं त्याने, हे सगळं मुलांना घोकून घेतलं, आणि आज त्याच्याच पायाशी उभी! मी चप्पल काढून हात जोडले. शहराच्या तटबंदीवर बाबांनी सायकल घेतली भाड्याने. पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटरची, ते एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जाऊन आले. मी बुरुजाच्या सावलीत फोन हातात धरून बसले. रेंज नव्हतीच.

गाईडला सोलापूर माहीत नव्हतं. बाबांनी आपल्या सोलापूरच्याच डॉ. कोटणीसांचं चिनी नाव मोबाईलवर काढून दाखवलं, के दिहुआ, तर लगेच ओळखलं तिने. 1938 ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला इकडे आले, याच प्रांतात येनानला पण होते, 1942 ला इकडेच गेले, वय 32. बाबा कौतुकाने सांगत होते आणि मला तेवढा आकडाच ऐकू आला. तू फेब्रुवारीत 32 चा होशील. कुठून कुठे जातं बघ डोकं.

ग्रुपमध्ये एक डॉक्टर बाई आहेत, त्यांना विचारलं, भाच्याचं आहे म्हणून सांगितलं, तुझं नाव नाही घेतलं. थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात म्हणाल्या. पण रिपोर्ट बघितल्याशिवाय काही सांगत नाहीत. आला का रे? काहीही असलं तरी आधी मला सांग, ताईला नको. व्हॉट्सॲपची वाट बघू नकोस, साधा एसएमएस कर.

तुझी आई

ता.क. तुझी लहानपणची फाईल कपाटात खालच्या खणात आहे, माझ्या हिरव्या शालूखाली. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलीये. डॉक्टरांनी जुने कागद मागितले तर ताईला सोलापूरला पाठव, तू एवढा प्रवास करू नकोस.