निळ्या झाकणाचा बल्ब आणि ‘तपासणी नको’वाली गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडावर आलेला लेख वाचला. लेख चांगलाच होता. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की या बेशिस्त ठोक्यांची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, आणि त्यातूनच आजची ॲब्लेशनची (ठिणगीची ती जागा निकामी करण्याची) पद्धत उभी राहिली. ही हकीकत लेखकाने सोप्या शब्दांत सांगितली आहे. माझा आक्षेप लेखाशेजारच्या छोट्या चौकटीला आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांना दर महिन्याची तपासणी लागत नाही, तेव्हा जुन्या गोळ्यांचे दिवस संपले, असा तिचा सूर होता. मी सत्तावीस वर्षे तालुक्याच्या गावी लॅबमध्ये काम केले आहे. ज्या पेशंटांचे रक्त मी महिन्यामहिन्याला काढत आलो, त्यांतल्या निम्म्यांना ही चौकट लागू पडत नाही.

कारण आमच्याकडे ‘एएफ’ (बेशिस्त ठोक्यांच्या या आजाराचे डॉक्टरी नाव) म्हणजे केवळ सत्तरीतल्या, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ बांधलेल्या माणसाचा आजार नव्हे. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, घरच्यांनी हळद-दूध देऊन शाळेत पाठवले. हा संधिवाताचा ताप सांध्यांना सोडून देतो, पण हृदयाच्या झडपेला धरून ठेवतो. पुढे वीस-तीस वर्षांनी डावीकडची मायट्रल झडप आकसते, रक्त वरच्या कप्प्यात तुंबते, कप्पा फुगतो आणि नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत राहतो. थरथरत्या कप्प्यात गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की एका सकाळी बाईचे तोंड वाकडे झालेले असते. ‘बाई’ म्हणालो ते उगाच नाही. माझ्या रजिस्टरात बायकाच जास्त होत्या, चाळिशी-पन्नाशीतल्या, शेतात जाणाऱ्या.

माझी धाकटी बहीण त्यांच्यापैकीच एक. ॲसिट्रोमवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळीवर, तिची गाडी बरी चालली होती. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका डॉक्टरांनी ती गोळी बंद करून रिव्हारोक्साबॅन ही नवी गोळी लिहून दिली. “आता दर महिन्याला रक्त द्यायची कटकट नाही,” असे त्यांनी सांगितले. खोटे कशाला बोलू, मलाही बरेच वाटले. इतकी वर्षे सुया टोचणाऱ्याला आपल्या बहिणीला सुई टोचायला कधीच आवडले नव्हते. पण माझ्या भाच्याने मोबाइलवर शोधून काही वाचून दाखवले आणि आम्ही दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी केसपेपर बघितला, ‘मायट्रल स्टेनोसिस’ (म्हणजे तीच आकसलेली झडप) या शब्दांवर बोट ठेवले आणि त्याच दिवशी जुन्या गोळीवर परत आणण्याचे वेळापत्रक लिहून दिले.

भाच्याने वाचून दाखवले ते असे. २००९ ते २०११ च्या सुमारास डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन या नव्या गोळ्यांच्या मोठाल्या चाचण्या झाल्या. त्यांत झडप बऱ्यापैकी आकसलेल्या पेशंटांना घेतलेच नव्हते. म्हणजे ज्यांच्या कप्प्यात गुठळी व्हायची भीती सर्वांत जास्त, तेच बाहेर. तरीही गोळ्या बाजारात आल्यावर अनेकांनी धरून चालले की जी गोळी इतरांना चालते ती यांनाही चालेल. शेवटी या पेशंटांना घेऊन स्वतंत्र चाचणी झाली, तिचे नाव ‘इन्व्हिक्टस’. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर पेशंट, सरासरी वय पन्नासच्या आसपास, दहापैकी सात बायका. माझे रजिस्टरच जणू. निष्कर्ष मांडणाऱ्यांत एक प्रमुख नाव दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉ. गणेशन कार्तिकेयन यांचे. निम्म्यांना रिव्हारोक्साबॅन, निम्म्यांना वॉरफेरिनच्या जातीची जुनी गोळी.

नवी गोळी निदान जुनीच्या बरोबरीची ठरेल, अशी अपेक्षा होती. ऑगस्ट २०२२ मध्ये बार्सिलोनात निकाल जाहीर झाला तो उलटाच. सरासरी तीन वर्षांच्या काळात नव्या गोळीच्या गटात ५५२ मृत्यू, जुन्या गोळीच्या गटात ४४२. रक्तस्रावाचे प्रमाणही जुन्या गोळीने वाढले नाही. चाचणीचा खर्च रिव्हारोक्साबॅन बनवणाऱ्या कंपनीनेच, बायरने, केला होता. स्वतःच्या मालाच्या विरुद्ध गेलेला निकाल छापून आला, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे.

गंमत म्हणजे (गंमत कसली, कोडेच) फरक मुख्यतः पक्षाघातात नव्हता. जुन्या गोळीवर अचानक मरण पावणारे आणि हृदय थकून जाणारे कमी होते. असे का, याचे पक्के उत्तर संशोधकांकडेही नाही. माझे आपले लॅबच्या खिडकीतून बनलेले मत असे : जी बाई महिन्याला रक्त द्यायला येते, तिला कोणी तरी विचारते, “पाय सुजलेत का? धाप लागते का?” गोळी नाही तरी ती चक्कर तिला धरून ठेवत असेल. हे मत शास्त्र म्हणून घेऊ नका.

ठोक्यांच्या बाबतीत असे तोंडावर पडण्याची वैद्यकशास्त्राला तशी सवय आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना जादा ठोके पडतात, ते दाबले की जीव वाचेल, असे एके काळी सगळ्यांना पटलेले होते. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे दिली. ईसीजी सुधारले. माणसे मात्र जास्त मेली : औषधाच्या गटात ६३, नुसत्या साखरगोळीच्या गटात २६. १९८९ मध्ये त्या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली. झडपेच्या जागी धातूची झडप बसवलेल्यांवर डॅबिगॅट्रान वापरून पाहिले, तेही गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवले.

आता जुन्या गोळीची कटकट खरी आहे, ती लपवत नाही. गोळीचा डोस आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा आकडा) बघून ठरतो. तो बहुतेकांचा दोन ते तीनमध्ये राहावा लागतो. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. ‘इन्व्हिक्टस’मध्ये आलेल्या पेशंटांपैकी सुरुवातीला जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा आयएनआर या पट्ट्यात होता, पाठपुरावा सुरू झाल्यावर तो आकडा निम्म्याच्या पुढे गेला. तेवढ्यानेही इतका फरक पडला.

आणि या आकड्याचा भरवसा लॅबवर असतो. निळ्या झाकणाच्या बल्बात, म्हणजे रक्त घ्यायच्या नळीत, रक्त गोठू न देणारे सायट्रेट असते, रक्त खुणेपर्यंतच भरावे लागते. शीर सापडत नाही म्हणून बल्ब अर्धाच भरला तर आयएनआर खोटा वाढलेला दिसतो, डॉक्टर गोळी कमी करतात आणि बाई विनाकारण धोक्यात येते. रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) नवा लॉट उघडला की त्याच्यावरचा आयएसआय, म्हणजे आयएनआर काढायला लागणारा त्या लॉटचा आकडा, मशीनमध्ये नव्याने भरायचा असतो. तो भरायचे राहून गेलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत, एकदा माझ्याच हातून राहिला होता. त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट परत बोलावले.

बाकी गोंधळ घरात होतो. पालक-मेथी कायमची बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बंद करायची गरज नसते. रोजच्या खाण्यात एकदम फार कमी-जास्त करू नये, एवढेच. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी किंवा जुलाबाला घेतलेली मेट्रोनिडाझोल मेथीपेक्षा जास्त घात करते. मूल हवे असणाऱ्या बाईने तर आधीच डॉक्टरांशी बोलायला हवे, ही गोळी गर्भाला बाधते. अलीकडे व्हॉट्सॲपवर फिरते की हे उंदीर मारायचे औषध आहे. आहेच, वॉरफेरिन आधी उंदरांसाठीच विकले गेले. पण १९५५ मध्ये हार्ट अटॅक आल्यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तेच दिले होते, हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

आमच्या भागात आजही या तपासणीचा नमुना दुपारच्या गाडीने जिल्ह्याला जातो, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी रात्री मोबाइलवर येतो, तोपर्यंत बाई गावी परतलेली असते. डोस सांगायला कोणी नसते. एसटीचे तिकीट बायकांना अर्धे झाले, पण बुडालेली मजुरी पूर्णच बुडते. झडपेच्या ऑपरेशनला सरकारी योजनेचा आधार मिळतो, पण त्यानंतर जन्मभर लागणाऱ्या या तपासणीची सोय तालुक्याला नसते. बोटाच्या टोकाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे आता मिळतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक यंत्र, पट्ट्यांचा अखंड पुरवठा आणि डोस लिहून देणारी एक प्रशिक्षित सिस्टर, एवढे झाले तरी ‘कटकट’ हा शब्द निम्मा गळून पडेल.

कोणीही हे पत्र वाचून स्वतःच्या मनाने गोळी बदलू नये. ज्यांची झडप अशी आकसलेली नाही आणि धातूचीही नाही, अशा एएफच्या बहुसंख्य पेशंटांना नव्या गोळ्या उपयोगाच्याच आहेत, मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका त्यांत कमी असतो. फक्त केसपेपरवर मायट्रल स्टेनोसिस किंवा धातूची झडप लिहिलेली असेल, तर “ही गोळी माझ्या झडपेला चालते ना?” एवढे डॉक्टरांना विचारावे.

आपल्याला विनंती एकच. ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी. शक्यतो रविवारच्या पुरवणीत नको, रोजच्या अंकात छापावी. आमच्या बायका पुरवणी वाचत नाहीत. पुरवणी त्यांच्याकडे येते ती किराणा दुकानातून, शेंगदाण्याच्या पुडीला गुंडाळून, दोन महिन्यांनी.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
जि. सोलापूर